लंगोट आणि लोकलाज

नैतिक प्रश्न माणसापुढे कुठल्या वाटेनं येऊन उभा राहील याचा काही नेम नाही. हरिश्चंद्राला तो स्वप्नात भेटला, धर्मराजाला तळ्याकाठी. मला तो अमरावतीत, जयस्तंभ चौकाजवळच्या एका दुकानात, तान्ह्या मुलांच्या लंगोटांसमोर भेटला. त्या दोघांचे प्रश्न माझ्यापेक्षा मोठे होते हे मान्य. पण त्यांच्या खिशात सुनेनं दिलेली यादी नव्हती.

यादीत तिसऱ्या क्रमांकावर ‘स्विम डायपर – १ पाकीट’ असं लिहिलेलं होतं. मी ते आधी ‘स्लिम डायपर’ असं वाचलं, आणि नातू फारच गुटगुटीत झाल्याचा सुनेला संकोच वाटत असावा अशी समजूत करून घेतली. दुकानदारानं खुलासा केला. हा पोहायच्या वेळचा लंगोट. आमचा नातू चौदा महिन्यांचा. त्याला अजून सरळ चालता येत नाही, आणि घरानं त्याच्या पोहण्याची तयारी आरंभली होती.

त्याचं झालं असं, पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी दोन्हीकडच्या आजी-आजोबांना समुद्र दाखवायचं ठरवलं. मुंबईहून निघून गोव्याला जाऊन परत येणारं जहाज, त्यावर तीन रात्री. जहाजाचं नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल. आमच्या वऱ्हाडात समुद्र नाही. पेढी, पूर्णा, मोर्णा अशा नद्या आहेत. त्यांतल्या बहुतेक उन्हाळ्यात रजेवर असतात. अकोल्याचे आमचे व्याही तर समुद्राबद्दल मुळातच उदासीन होते. फोनवर म्हणाले, “खारं पाणीच पाहाचं असंल तं मुंबईले कायले जाचं, इवाईबुवा? आमच्या खारपाणपट्ट्यात कोण्याबी विहिरीत वाकून पाहा.” पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो, तेव्हा त्यांचं म्हणणं भूगोलाला धरूनच होतं. शिवाय जन्मभर पाणीपुरवठ्याच्या खात्यात नोकरी झालेली. पाणी म्हटलं की त्यांना आनंद होत नाही, तक्रार आठवते.

आमच्या लहानपणी लंगोट निवडायचा प्रश्नच नव्हता. आजोबांचं धोतर विरलं की त्याचे लंगोट होत. नातवाच्या अंगाला आजोबांची ऊब लागते असं त्याचं काव्यमय समर्थनही असे. घरात तान्हं मूल आहे हे पाहुण्याला अंगणातल्या दोरीवरून कळे. घाण झाली की ती ताबडतोब सर्वांना दिसे आणि घरचेच ती धुवून टाकीत. घरचे म्हणजे अर्थात घरातल्या बायका. पुरुषानं एक दुपटं धुतल्याची नोंद आमच्या घराण्याच्या इतिहासात नाही.

ती घाण दिसेनाशी करण्याचं काम अमेरिकेत झालं. मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईनं स्नानघराचा पडदा कापून लंगोटावर घालायचं पाणीबंद आवरण शिवलं. १९४९ साली ते न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात विकायला आलं. त्याचं नाव तिनं ‘बोटर’ ठेवलं होतं, म्हणजे लंगोटाचं आणि बोटीचं नातं आमच्या चिरंजीवांनी जोडलेलं नाही, ते जुनंच आहे. पुढे व्हिक्टर मिल्स या इंजिनिअरनं नातवंडाचे लंगोट बदलण्याच्या कंटाळ्यातून वापरून फेकायच्या डायपरचा ध्यास घेतला, आणि १९६१ साली ‘पॅम्पर्स’ बाजारात आले. मिल्स आजोबा होता हे वाचून मला बरं वाटलं. आजोबांनी आळसातून शोध लावायचा आणि आजींनी तो आधीच हातानं करून ठेवलेला असायचा, हे सर्व देशांत सारखंच दिसतं.

दुकानात पोहायचे लंगोट दोन जातींचे होते. एक वापरून फेकायचा, एक धुवून पुन्हा वापरायचा कापडी, त्यावर मासे काढलेले. वय विचारत नाहीत, वजन विचारतात. “मांडीला आन् कमरेला घट्ट बसला पाहिजे काका, बाकी रंग कोणताही घ्या,” दुकानदार म्हणाला. मी विचारलं, “पण साधा डायपर का नको?” तो हसला. म्हणाला, “घरी नेऊन बादलीत टाकून पाहा.”

मी खरंच टाकून पाहिला. सौ. अंबादेवीला गेली होती तेवढ्या वेळात उरकलं. साधा डायपर पाण्यात सोडला आणि तो वाढायला लागला. पाच मिनिटांत त्याचा कोहळा झाला. त्याच्या पोटात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड असते, ती आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिते. असा लंगोट घालून मूल तलावात उतरवलं तर ते खडकासारखं खाली बसेल. याच जातीची पूड काही ठिकाणी शेतात ओल धरून ठेवायला वापरतात, असं मी व्याह्यांना फोनवर सांगितलं. ते गंभीर झाले. “म्हंजे हे आमच्या कपाशीले पायजे होतं, आन् पोट्ट्यांच्या कमरेले बांधून राह्यले!”

मग पोहायचा लंगोट बुडवला. तो जसा गेला तसाच वर आला. पाणी आत शिरलं, पाणी बाहेर पडलं. मला शंका आली. मी भांड्यात हळदीचं पाणी कालवून ते त्या लंगोटात आतल्या बाजूनं ओतलं. ओतल्याबरोबर ते खालच्या बादलीत. एक थेंबही अडला नाही. नेमकी तेव्हाच सौ. प्रसाद घेऊन आली. पिवळी बादली आणि माझ्या हातातला मासेवाला लंगोट पाहून ती काही बोलली नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात न बोलण्याच्या तिनं बऱ्याच तऱ्हा तयार केल्या आहेत.

संध्याकाळी मी परत दुकानात. “अहो, हा तर ओलं धरतच नाही.”

“नाहीच धरत. घट्ट तेवढं धरतो.”

“मग ओल्याचं काय होतं?”

“ते पाण्यात जातं,” दुकानदार शांतपणे म्हणाला. “पाण्यात पाणी.”

पाण्यात पाणी! एखाद्या उपनिषदात शोभावं असं हे उत्तर घेऊन मी घरी आलो आणि रात्री मला झोप लागेना. लंगोट पाणी आत येऊ देतो, बाहेर जाऊ देतो. पाण्याबरोबर जे विरघळेल ते जाऊ देतो. मग तो नक्की अडवतो काय? जे डोळ्यांना दिसलं असतं तेवढंच. तलावातल्या इतर माणसांना त्याचा उपयोग थोडा, आणि मुलाच्या आईबापांना पुष्कळ. मूल लंगोट घालून उतरलं म्हणजे आपण आपलं कर्तव्य केलं असं त्यांना वाटतं. वस्त्र मुलाच्या अंगावर आणि लाज झाकली जाते थोरांची. असे मासे काढलेले लंगोट आपण आयुष्यात आणखी कुठे कुठे घालतो याचाही मी विचार करू लागलो होतो. पण प्राप्तिकराचं विवरणपत्र डोळ्यांसमोर आलं आणि मी कूस बदलली.

अंबा एक्स्प्रेसनं निघालो. सून आणि नातू आमच्याबरोबर होते. अकोल्याला व्याही-विहीण चढले. शिदोरी सुटली आणि मी व्याह्यांपुढे माझी शंका मांडली. ही चूक झाली. पाणीपुरवठ्यातल्या निवृत्त माणसाला पाण्याबद्दल विचारलं की मग झोपायला भुसावळ येतं.

“तलावाजोळ गेल्यावर नाकात झोंबते तो वास असते नं, लोकं म्हणतेत क्लोरीन हाय, लय स्वच्छ. थो निऱ्या क्लोरीनचा वास नायी, इवाईबुवा. क्लोरीन आन् घाम-मुताचं जे होते, त्याचा वास हाय थो. जितका वास जास्त तितकी घाण जास्त.”

सौ.नं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

व्याही थांबले नाहीत. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर जुलाबाचे काही जंतू मिनिटाच्या आत मरतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी असतो, तो त्याच क्लोरीनमध्ये दहा दिवसांहून अधिक तग धरतो. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहराच्या पिण्याच्या पाण्यात तो शिरला, तेव्हा सुमारे ४ लाख माणसं आजारी पडली. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र म्हणतं की पोहायच्या लंगोटानं हे जंतू अडत नाहीत, आणि ज्याला जुलाब होताहेत त्यानं पाण्यात उतरूच नये. “लंगोट घाला नायी तं लोखंडी कढई बांधा,” असा या केंद्राच्या म्हणण्याचा व्याह्यांनी समारोप केला. विहीणबाईंनी दिवा मालवला.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर मी आधी तलाव पाहिला. जहाजाच्या मानानं तो फारसा मोठा नव्हता. जुन्या वाड्यातला हौद जरा सुखवस्तू झाला तर जसा दिसेल तसा. काठावर इंग्रजी पाटी होती. ज्या मुलांना शीचं कळत नाही त्यांनी तलावात उतरू नये; पोहायचा डायपर घातला असला तरी नाही. पुष्कळ जहाजांवर हाच नियम असतो हे मला नंतर समजलं. माझं संशोधन, हळदीचं पाणी, दुकानाच्या दोन खेपा, सगळं त्या एका पाटीनं ओलांडून टाकलं. सुनेचं तोंड एवढंसं झालं. ‘पाण्यातला पहिला फोटो’ अशी जागा तिनं अल्बमात राखून ठेवली होती. पण ती गुणी मुलगी आहे. नियम आहे म्हणजे आहे, म्हणाली. टबात बसवून त्याला खोलीतच न्हाऊ घातलं.

दुसऱ्या दिवशी नातू पहाटे साडेपाचला जागा झाला आणि सबंध जहाजाला जागं करण्याच्या विचारात दिसला. आईबाप दमलेले. आम्ही दोन आजोबांनी त्याला उचललं आणि वर फिरायला नेलं. निघताना मी एक मासेवाला लंगोट सहज खिशात टाकला. ‘सहज’ या शब्दाइतका लबाड शब्द मराठीत दुसरा नसेल.

वर समुद्र होता. वाईट नव्हता. सूर्य आला, नातवानं त्याला टाटा केला. सातला तलावाचा दोर सुटला. तिथला मुलगा टॉवेलांच्या घड्या लावत पाठमोरा होता, दुसरं कोणी नव्हतं. नातवानं पाणी पाहिलं आणि दोन्ही हात पसरून “बू, बू” करू लागला. व्याही माझ्याकडे पाहत होते. मी व्याह्यांकडे पाहत होतो. क्लोरीनवर भुसावळपर्यंत बोललेला माणूस म्हणाला, “पाचच मिनिटं. काय होते?”

पाच मिनिटं आमचा नातू पाण्यात होता. असा आनंद मी फार दिवसांत पाहिला नव्हता. व्याह्यांनी फोटो काढले. मग टॉवेलात गुंडाळून शेजारच्या कपडे बदलायच्या खोलीत आणला, लंगोट उतरवला, आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

तपशील सांगत नाही. आदल्या रात्री कोणीतरी लाडानं त्याला आइस्क्रीम चारलं होतं, शिवाय दाढा येताहेत. लंगोटानं काही धरलं होतं. सगळं धरलं नव्हतं.

तिथं, त्या दोन हात रुंद खोलीत, निवृत्त झालेली दोन माणसं एका उघड्या मुलाभोवती उभी राहून जो विचार करत होती, त्याला तत्त्वज्ञान म्हणायला माझी हरकत नाही. कोणी पाहिलं नव्हतं. पहिला मुद्दा हाच असतो. दुसरा, क्लोरीन आहेच की. तो व्याह्यांनी अर्धा उच्चारला आणि स्वतःच गिळला. तिसरा मुद्दा माझा. इतरांची मुलंही उतरतच असतील, सांगतं कोण? आणि चौथा मुद्दा मला फार उदात्त वाटला. आपण सांगितलं तर तलाव बंद करतील. आजचा अख्खा दिवस समुद्रात आहे, मुलांना दुसरं करायला काही नाही, शेकडो लोकांचा विरस होईल. तेव्हा निव्वळ लोकांच्या सुखासाठी आपण गप्प बसावं. लोककल्याणाचा विचार माणसाला नेमका आपलं अडलं की सुचतो.

आमच्या घरापासून गाडगेबाबांची समाधी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९५६ च्या २० डिसेंबरला बाबा अमरावतीजवळ वलगावला गेले, आणि त्या तारखेला आम्ही काही ज्येष्ठ नागरिक दरवर्षी खराटे घेऊन अर्धा तास रस्ता झाडतो. झाडण्याची पंधरा मिनिटं आणि फोटोची पंधरा. माझा खराटा फोटोत चांगला येतो. बाबा गावात शिरले की आधी झाडायला लागत, कोणाची घाण आहे हे विचारत नसत. इथं तर घाण कोणाची याचा पुरावा आमच्या हातात होता, आणि झाडायला येणार होता टॉवेलांच्या घड्या घालणारा तो पोरगा.

तरीही मी गप्प बसलो असतो. खरं सांगतो. पण दार उघडलं तर समोर पाच-सहा वर्षांची एक मुलगी, गुलाबी टोपी घातलेली, तलावाच्या शिडीवर बसून पाय बुडवत होती. ओंजळीत पाणी घेऊन तिनं गालात भरलं आणि बापाच्या अंगावर चूळ सोडली. बाप हसला.

मी टॉवेलवाल्या मुलाकडे गेलो. तो आपल्या कोकणातलाच निघाला. त्याला म्हणालो ते मला नीट आठवत नाही; वाक्य बराच वेळ क्रियापदावाचून चाललं होतं. पण त्याला समजलं. त्यानं आधी त्या मुलीला बाहेर घेतलं, दोर लावला आणि मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, “काका, घट्ट होतं की पातळ?”

“का?”

“घट्ट असेल तर क्लोरीन वाढवून अर्ध्या तासात उघडतो आम्ही. पातळ असेल तर दिवसभर बंद. जंतूंचा धोका पातळात जास्त असतो.”

म्हणजे परीक्षा संपलीच नव्हती. एकदा खरं बोललेल्या माणसाला लगेच दुसऱ्यांदा खरं बोलायला लावणं हा अन्याय आहे. ‘घट्ट’ एवढा एक शब्द, आणि सगळं जहाज अर्ध्या तासात सुखी. माझी जीभ त्या ‘घ’वर टेकलीही होती. मागून व्याह्यांचा आवाज आला. नातवाला खांद्यावर घेऊन ते उभे होते.

“पातळ होतं, भाऊ. आमी पाटी वाचली होती. वाचून उतरवलं.”

मुलगा रागावला नाही. म्हणाला, “सांगितलंत ते बरं केलंत. बहुतेक जण सांगत नाहीत. आम्हालाच दिसतं. दिसलं तर.” आणि तो साहेबाला बोलवायला गेला. जिन्याशी व्याही म्हणाले, “तीस वर्षं लोकायले पाणी पाजलं, इवाईबुवा,” आणि पुढे काही बोलले नाहीत.

तलाव दिवसभर बंद राहिला. पाटीवर कारण लिहिलं नव्हतं, पण जहाजावर बातमी समुद्रापेक्षा लवकर पसरते. दुपारच्या जेवणाला सगळीकडे तोच विषय. सौ. म्हणाली, “काय बाई एकेक लोक! एवढी ढळढळीत पाटी वाचता येत नाही का?” विहीणबाई म्हणाल्या, “शिकले-सवरलेलेच असतीन नं. आपल्याकडचे तं नसतीन.” पलीकडच्या टेबलावर गुलाबी टोपी मुसमुसत बसली होती. सून नातवाला वरणभात भरवत म्हणाली, “बरं झालं बाबा, आपण नियम पाळला. नाहीतर आपल्यावरच संशय आला असता.” मी आणि व्याही वरणाचं निरीक्षण करत होतो. ते चांगलं होतं.

टॉवेलवाल्या मुलाला सांगणं जमलं. तो मला पुन्हा आयुष्यात भेटणार नव्हता. पण ज्या माणसांबरोबर रोज जेवायचं, त्यांना सांगायला दुपारपर्यंत धीर झाला नाही. दुपारचं संध्याकाळवर गेलं. परक्यापुढे कबूल केलेल्या गोष्टीला घरात कबुली म्हणून किंमत नसते, हे सौ.चं मत मला ठाऊक होतं. रात्री सांगू, असं मी व्याह्यांना बाजूला घेऊन म्हणालो. ते म्हणाले, “सांगा. मी मांगं उभा राह्यतो.”

रात्री जेवायला बसलो तेव्हा गोव्याचा किनारा जवळ आला होता. दिवसभर समुद्रात मुके झालेले मोबाइल एकदम जागे झाले. व्याह्यांचा फोन वाजला, मग सौ.चा, विहीणबाईंचा, सुनेचा, चिरंजीवांचा, सर्वांत शेवटी माझा. सकाळी काढलेला एक फोटो व्याह्यांनी हौसेनं तेव्हाच घरच्या ग्रुपवर पाठवला होता. तो दिवसभर वाटेत अडकून होता, आता पोचला.

सौ.नं चष्मा लावला. “अगंबाई, किती गोड हसतोय!” म्हणाली. मग फोन जरा लांब धरून तिनं फोटोतलं एकेक ओळखायला सुरुवात केली. मासेवाला लंगोट. निळं पाणी. मागची शिडी. शिडीवरची पाटी.

“हा कधी काढला हो?”

व्याही लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवत म्हणाले, “इवाईबुवा सांगतीन.”